तीन सेकंद

भूपेंद्र सिकरवारनं पहिल्याच दिवशी विचारलं,
'मैडम जी, गोल क्या है?'
मी म्हटलं, पृथ्वी.
तो हसला नाही.
वही उघडून, पेनाचं टोपण दातांत धरून
तसाच उभा राहिला.

कंपूच्या वळणावर, टायरच्या दुकानावरती जिम.
खाली रबराचा वास, वर घामाचा.
चौतीस वर्षं मी झाशी रोडच्या एजी ऑफिसात
परक्यांच्या जमाखर्चावर लाल शेरे मारले,
आणि आता माझी तपासणी करायला
हा मुरैन्याचा चोवीस वर्षांचा पोरगा,
कानात बाळी,
दंड असे की बाह्यांची शिवण रडकुंडीला आलेली.

मग खरं ते सांगितलं.
भजनी मंडळात सतरंजीवर बसते मी.
उठायची वेळ आली की आधी भिंत शोधते,
भिंत लांब असली तर कुणाचा तरी हात.
तो हात नकोय मला.
त्यानं लिहिलं: हाथ नहीं.
खाली दोन रेघा ओढल्या.

वजनाचा काटा माळ्यावर टाका म्हणाला.
'सरसों बोके रोज़ खोदते हो क्या?'
मग एक खुर्ची, खुर्चीवर दोन उशा,
हात छातीशी बांधून बसा, उठा, बसा, उठा.
दहा दिवसांनी एक उशी गेली.
दुसरी जायला दिवाळी उजाडली.
उठताना श्वास सोडायचा,
कोंडून धरायचा नाही;
कोंडून धरायची तर मला सवयच,
ऑफिसात आणि घरीही.

शेजारच्या पोरांना तो घड्याळ लावायचा,
ओरडायचा, शिव्याही हासडायचा हळूच.
मला कधीच नाही.
म्हातारी म्हणून सोडून देतोय, असं मी धरून चालले
आणि मनातल्या मनात एक आक्षेप नोंदवून ठेवला.

पौषात धुकं आलं. किल्ला दिसेनासा झाला,
आणि मीही, सतरा दिवस.
देवासला भाच्याचं लग्न, मग खोकला, मग नुसताच आळस.
परत गेले ती बोलणी खायच्या तयारीनं.
त्यानं कागदातली गजक पुढे केली.
'दो दिन छूटे तो छूटे, तीसरा मत छोड़ना.'
सतरा, मी म्हटलं.
'तो अठारहवाँ मत छोड़ना.'

एकदा लवकर पोचले. वीज गेलेली,
शटर अर्धं वर.
दुकानामागच्या मैदानात कुणीतरी धावत होतं
धुकं फाडत, एकटंच.
थांबलं, मनगट डोळ्यांपाशी नेलं,
आणि गुडघ्यांवर हात टेकून खूप वेळ वाकून राहिलं.

फौजेची भरती, तीनदा.
शेवटच्या वेळी सोळाशे मीटरला तीन सेकंद जास्त.
पुढच्या महिन्यात वय निघून गेलं.
'फिर अब क्यों दौड़ते हो?'
त्यानं खांदे उडवले. बूट सोडत म्हणाला,
'आपसे टाइम इसीलिए नहीं पूछता.'

आमच्याकडे पन्नास पैशांच्या वर गेलं
की रुपया धरायचे.
तीन सेकंद ज्यात बसतील
असा एक नियम मी त्या रात्री पडल्या पडल्या शोधला.
आक्षेप मागे घेतला. तेवढंच हातात होतं.

फाल्गुनात, फालके बाजारात, दामलेबाईंकडे
आरतीसाठी सगळ्या उभ्या राहिल्या.
मी पाय दुमडला. चवडा रोवला. श्वास सोडला.
इंदुमती चितळेंनी सवयीनं हात पुढे केला
आणि तो तसाच हवेत राहिला,
काय करावं हे न कळलेला.

दुसऱ्या दिवशी सगळं खरं सांगितलं:
उठले. पण दोन बोटं टेकली जमिनीला.
'कौन सी?'
उजव्या हाताची.

त्यानं वही काढली.
'हाथ नहीं' खोडलं नाही.
त्याच्याखाली लिहिलं: दो उँगली.
तारीख घातली.
वेळेचा रकाना होता, तो कोराच सोडला,
आणि माझ्यासाठी जमिनीवर चटई पसरायला लागला.